श्पिरोचं पातेलं

आमच्या बोटीच्या केबिनच्या छपरावर, डोलकाठीच्या मागे हातभर अंतरावर, एक पांढरं पातेलं उपडं घातलेलं होतं. खरं तर ते पातेलं नव्हतं. उपग्रहांशी बोलून आपण समुद्रात नेमके कुठे आहोत ते सांगणाऱ्या यंत्राचं ते डोकं होतं. त्याचा चेहरा, म्हणजे काचेचा एक करडा डबा, मागे सुकाणूजवळ बसवलेला होता. पण अख्खं बंदर त्याला पातेलं म्हणायचं आणि मीही म्हणतो, कारण गेल्या कित्येक वर्षांत पातेल्याइतकाही त्याचा कोणाला उपयोग झालेला नव्हता. आम्ही समुद्रात कुठेही असलो तरी ते आम्हाला गावामागच्या टेकडीवर, दफनभूमीच्या भिंतीपाशी दाखवायचं, आणि तारीख वीस वर्षांपूर्वीची.

"मला तिथे जायची एवढी घाई नाहीये," असं माझी बायको तोंका एकदा म्हणाली, तेव्हापासून आम्ही तो डबा चालू करणंच सोडून दिलं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिणेचा वारा सुटला, आठवडाभर पाऊस लागला आणि पातेल्याच्या बुडाखालून पाणी केबिनमध्ये उतरायला लागलं. केबिनमध्ये झोपायला चार जणांची सोय आहे. त्यातल्या तीन जागा खडखडीत कोरड्या होत्या. चौथी तोंकाची, आणि तिथेही पाणी पायाशी नव्हे, बरोब्बर उशीवर पडत होतं.

"येर्को," ती म्हणाली. माझं नाव ती पूर्ण आणि सावकाश घेते तेव्हा निर्णय झालेला असतो. "ऑगस्टात आपल्या लग्नाला तीस वर्षं होतात. तू मला लास्तोवो बेटावर न्यायचं कबूल केलंयस. एक तर हे पातेलं बोटीवर राहील, नाहीतर मी."

आता एक खुलासा. त्या बोटीत माझा कायदेशीर वाटा शून्य आहे. बोट माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यामागे ती निम्मी तोंकाची आणि निम्मी तिच्या मोठ्या भावाची, म्हणजे श्पिरोची झाली. घासणं, रंगवणं, दोर बदलणं आणि तुंबलेला संडास मोकळा करणं एवढे हक्क मात्र माझे एकट्याचे आहेत. मी शाळेत गणित शिकवतो. श्पिरो मोठमोठ्या मालवाहू जहाजांवर कप्तान होता. धक्क्यावरून तो चालायला लागला की म्हातारेकोतारे टोपीला हात लावतात. मी चालायला लागलो की पोरं सिगरेट लपवतात. आदर दोन्हीकडे आहे, पण जात वेगळी.

पातेलं श्पिरोनेच बसवलं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वी. तेव्हा तसं यंत्र बंदरात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. त्याला विचारल्याशिवाय हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून बरेच दिवस टाळून शेवटी जुलैच्या सुरुवातीला मी रिजेकाला फोन केला. रिटायर झाल्यावर तो तिथे राहतो.

"पातेल्याखालून गळतंय," मी म्हणालो.

"गळत नाही. घाम येतो."

"घामाने उशी भिजते?"

"मग उशी हलव."

"श्पिरो, ते बंद पडलंय. काढून टाकतो."

तो म्हणाला, "प्रोफेसर, हे बघ. मी बसवलेली वस्तू निघत नसते. तू ओढशील, उचकटशील, आणि डेकचं वाटोळं करशील. फळ्यावर खडूने रेघ मारण्याइतकं सोपं नाहीये ते."

गप्प बसायची हीच वेळ होती. पण तीस वर्षं हा माणूस मला प्रोफेसर म्हणतोय. आमच्याकडे हायस्कुलातल्या मास्तराला सगळेच प्रोफेसर म्हणतात, त्याचं काही नाही. पण बाकीचे म्हणतात तेव्हा तो हुद्दा असतो आणि श्पिरो म्हणतो तेव्हा ते दुखणं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक ओरखडासुद्धा उठणार नाही."

"आणि उठला तर?"

"तर मी धक्क्यावर उभा राहून सांगेन की श्पिरोचं खरं होतं."

"मी उत्सवाच्या आदल्या दिवशी येतोय," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आमच्या गावाच्या संताचा उत्सव ऑगस्टाच्या मध्यावर असतो. हातात सहा आठवडे होते. शाळेला सुट्टी होती. मी चौकड्यांची वही घेतली आणि कृती पायरी-पायरीने लिहून काढली. पहिली पायरी, वीज तोडणे. दुसरी, तारांना चिठ्ठ्या बांधणे. तिसरी, डबा काढणे. चौथी, पातेल्याचे सहा स्क्रू. पाचवी, बुडाखालचा चिकट थर कापणे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं : काहीही झालं तरी उचकटायचं नाही. डेक म्हणजे, केबिनचं छप्परही त्यातच आलं, फायबरचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये हलक्या लाकडाचा थर. एकदा पहार घालून उचकटलं की वरच्या झिलईला असे तडे जातात की जन्मात बुजत नाहीत.

वही घेऊन मी बोटीवर पोचलो तोवर बातमी पोचलेली होती. शेजारच्या बोटीचा मालक व्लाहो, गावातला न्हावी, दोन्ही पाय पाण्यात सोडून बसला होता.

"प्रोफेसर, गरम हवा द्या," तो म्हणाला. "गरम हवेपुढे कसलाही चिकटपणा टिकत नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यावर बघतोय."

त्याच्या पलीकडे बार्बा याकोव. समुद्रावर केस पिकलेल्या माणसाला आमच्याकडे काका म्हणावं तसं बार्बा म्हणतात. या बार्बाचे केस पिकून गळूनही गेले होते. गावच्या तंतुवाद्य मंडळात तो पन्नास वर्षं मँडोलिन वाजवतो.

"गरम हवा?" बार्बा म्हणाला. "फायबर आहे ते, व्लाहो, तुझं गिऱ्हाईक नाही. प्रोफेसर, छिन्नी आणा, एक चांगला दणका द्या, सुटेल तर सुटेल."

"आणि नाही सुटलं तर?"

"तर निदान मनाचं समाधान."

मी दोघांचे आभार मानले आणि वहीप्रमाणे पहिली पायरी हाती घेतली. बॅटरीची जोडणी काढली. चाचणीसाठी केबिनचा दिवा लावून पाहिला, लागला नाही. मग दुपारी पावणेतीनला, अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने, मी करड्या डब्यामागच्या अकरा तारांपैकी पहिली तार कापली.

बोटीचा भोंगा वाजायला लागला.

श्पिरोने तोंकाच्या बिछान्याखाली एक दुसरी बॅटरी बसवलेली होती हे मला माहीत नव्हतं. भोंगा तिच्यावर का जोडला होता, आणि तो बंद ठेवायला सुकाणूजवळच्या डब्यातून तार का फिरवली होती, ते आजही कोणाला माहीत नाही. आमच्या गावात दुपारी दोन ते पाच मोठ्याने बोलणंसुद्धा असभ्य समजतात. त्या वेळात दारं-खिडक्या मिटून अख्खं गाव आडवं झालेलं असतं. भोंगा अकरा मिनिटं वाजला. सातव्या मिनिटाला पाद्रीबुवा बनियनवर धक्क्यावर आले. कोणीतरी ओरडलं, "जहाज बुडतंय का?" बार्बा याकोव ओरडला, "नाही, प्रोफेसर शिकतायत!" अकराव्या मिनिटाला मला ती बॅटरी सापडली.

त्या संध्याकाळी मी ब्रेड आणायला गेलो तर बेकरीतल्या बाईंनी ब्रेड देताना नुसतं "पोंऽऽ" म्हटलं. मी पैसे देऊन बाहेर पडलो. मास्तराने अशा वेळी पाठ ताठ ठेवावी लागते.

डबा निघाला. तारांना चिठ्ठ्या तोंकाने लिहून बांधल्या, कारण माझं अक्षर फळ्यावरच बरं दिसतं. मग व्लाहोने, निव्वळ चांगुलपणाने, एक प्रश्न विचारला.

"बोटीच्या पुस्तकात यंत्राची नोंद आहे का हो?"

पुस्तक काढून पाहिलं. होती. सत्तावीस वर्षांपूर्वी श्पिरोने बंदर कचेरीत जाऊन ती अभिमानाने, शिक्क्यासकट करून घेतली होती. आणि बोटीची वार्षिक तपासणी ऑगस्टातच होती. पुस्तकात असलेली वस्तू बोटीवर चालू हवी (डब्याचा दिवा लागला की आजवर ती चालू धरत होते), नाहीतर ती काढल्याचा दाखला हवा. दाखला नाही तर तपासणी नाही, तपासणी नाही तर लास्तोवो नाही.

बंदर कचेरीच्या खिडकीमागे नेदिल्का बसली होती. मी तिला चार वर्षं गणित शिकवलंय. हुशार मुलगी. पण उत्तर बरोबर काढून मधल्या पायऱ्या खायची. त्यापायी दर परीक्षेत मी तिचे गुण कापले आणि शेवटी तिला काठावर पास केलं. आता तिच्यासमोर शिक्क्यांचं स्टँड होतं.

"बसा ना सर. काय हवंय?"

"यंत्र काढल्याचा दाखला."

तिने अर्ज पुढे सरकवला. "यंत्राचा क्रमांक लिहा."

"क्रमांक यंत्राच्या बुडावर आहे. बूड डेकला चिकटलंय."

"मग यंत्र काढा."

"काढायला तुमची परवानगी लागते ना?"

"लागतेच."

"मग दे."

"क्रमांकाशिवाय कशी देऊ, सर?"

असल्या गोल फिरणाऱ्या युक्तिवादाला काय म्हणतात ते मी एकतीस वर्षं शिकवत आलोय.

"नेदिल्का, तो क्रमांक आपण तात्पुरता गृहीत धरला तर?"

"सर!" तिला मनापासून धक्का बसलेला दिसला. "जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरायचं? आणि पायऱ्या?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या कोळ्याने खोकल्याचा आव आणला. मी टोपी उचलणार एवढ्यात तिला दया आली असावी. ती कॅलेंडर बघत म्हणाली, "असं करू. मी स्वतः बोटीवर येते. माझ्यासमोर काढा. क्रमांक मी बघेन, परवानगी आणि नोंद एकदमच करेन. उत्सवाच्या आदल्या दिवशी अकरा वाजता. बारापर्यंत निघालं पाहिजे, बाराला कचेरी बंद. आणि तोवर ते जागेवरून हलता कामा नये."

"स्क्रू सैल केले तर चालतील?"

तिने विचार केला. "स्क्रूंबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही."

सहा स्क्रूंना मला तीन आठवडे लागले. खारट हवेत सत्तावीस वर्षं काढल्यावर स्क्रूच्या डोक्यावरची खाच नावापुरतीच उरते. पहिले दोन सुटले. तिसऱ्याचं डोकं गुळगुळीत झालं, तेव्हा तोंकाने भाजीच्या जुडीचा रबर आणून मधे घातला आणि स्क्रू ड्रायव्हर त्यावर दाबायला सांगितला. पकडलं! ते तिला कसं सुचलं विचारलं तर म्हणाली, "बरणीचं झाकण उघडत नाही तेव्हा तू कुठे असतोस?" उरलेले तिन्ही त्याच रबराने, दिवसाला पाव फेरा या गतीने निघाले. रोज संध्याकाळी बार्बा विचारायचा, "आज किती?" मी "पाव" म्हणायचो. तो "चांगलंय, घाई नको" म्हणून आत जायचा.

स्क्रू निघाले तरी पातेलं तसूभर हललं नाही. बुडाखाली श्पिरोने सीलंट, म्हणजे पाणी अडवायचा चिकट मसाला, ओतलं होतं. एरवी असल्या बुडाला अंगठ्याएवढ्या जाडीची एक गोल रेघ पुरते. कडेने जे बाहेर आलं होतं त्यावरून त्याने नळ्याच्या नळ्या रिकाम्या केल्या असाव्यात असा अंदाज होता.

"एवढं कशाला घातलं असेल यानं?" मी म्हणालो.

"श्पिरो सगळं मापापेक्षा जास्तच करतो," तोंका म्हणाली आणि वाकून उगीचच दोर गुंडाळायला लागली.

मग मी व्लाहोची गरम हवा करून पाहायचं ठरवलं. तो दुकानातून दोन हेअर ड्रायर घेऊन आला. दोन्ही एकदम सुरू केल्याबरोबर धक्क्यावरची वीज गेली. आमची नाही, सगळ्या धक्क्याची. पलीकडे एका जर्मन कुटुंबाच्या बोटीवर फ्रीझर होता आणि त्यात त्यांनी उत्सवासाठी घेतलेला भलाथोरला ऑक्टोपस होता. जर्मन बाई नुसत्या तो ऑक्टोपस दोन्ही हातांवर घेऊन आमच्या बोटीसमोर उभ्या राहिल्या. शिव्या परवडल्या असत्या. वीज यायला तीन तास लागले, आणि तोंकाने तो ऑक्टोपस बटाट्यांबरोबर भाजून त्यांच्या बोटीवर पोचवला, तेव्हा कुठे आमच्याकडे बघून त्या हसल्या.

पण एका ड्रायरने, हलक्या आचेवर, सीलंट जरा मऊ पडतं एवढं मात्र कळलं. आता कापायला हवी होती बारीक, चिवट, पोलादी तार. उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी बार्बा याकोवपुढे उभा होतो.

"बार्बा, मँडोलिनच्या जुन्या तारा आहेत?"

"दोन आहेत. घ्या."

अकराला नेदिल्का आली, हातात फाईल, खांद्याच्या पर्समध्ये शिक्का. पावणेअकराच्या फेरीबोटीने श्पिरो उतरला होता. तो सामान धक्क्यावरच ठेवून, हाताची घडी घालून उभा राहिला. प्रवासाने थकल्यासारखा वाटला. नेहमीसारखा "काय प्रोफेसर?" सुद्धा म्हणाला नाही.

"अजून वेळ गेली नाही," तो एवढंच म्हणाला. "राहू दे ते. वरून रंग मार."

"क्रमांक बघायचाय, कप्तान," नेदिल्का म्हणाली.

मी पातेल्याभोवती झिलईवर कागदी चिकटपट्टी लावली. व्लाहोने ड्रायर धरला. तारेची दोन टोकं कपड्यांच्या दोन चिमट्यांना गुंडाळून मी आणि तोंका समोरासमोर गुडघ्यांवर बसलो आणि करवतीसारखी तार बुडाखाली ओढायला लागलो. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. बोटभर आत गेली आणि तुटली. दुसरी वीतभर गेली आणि तुटली. घड्याळात साडेअकरा झाले होते.

बार्बा आपल्या बोटीत गेला आणि मँडोलिन घेऊन आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चसमोर त्याला वाजवायचं होतं. तो मांडीवर घेऊन खुंट्या पिळायला लागला.

"बार्बा, नको," मी म्हणालो. "उद्या काय वाजवाल?"

"आठ तारा असतात," तो मान वर न करता म्हणाला. "लोकांना सहाच ऐकू येतात."

ही तार जाड होती. आम्ही ती सावकाश ओढली. तोंकाच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबत होता, पण तिने हात थांबवला नाही. बाराला सात मिनिटं कमी असताना माझ्या हाताखाली काहीतरी सैल झालं. चप्प असा ओला आवाज आला. पातेलं सुटलं. ना पहार, ना छिन्नी, ना उचकटणं. मी ते दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा चिकटपट्टी काढून कडेची झिलई पाहिली. आरशासारखी. एक ओरखडा नव्हता.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी श्पिरोकडे वळून बघितलं, जसं बघायचं मनात किती वेळा घोकलं होतं तसं.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो पातेल्याच्या जागेकडे बघत होता. मीही बघितलं.

स्क्रूंची सहा सोडली तरी पातेल्याखाली तीन भोकं होती. तार आत जायला एक पुरतं, आणि ते मधोमध नीट होतंही. पण त्याच्या एका बाजूला दुसरं होतं, वाकडं, दात पडल्यासारख्या कडांचं. तिसऱ्याच्या वेळी ड्रिल हातातून सुटून डेकवरून नाचत गेलेलं असावं, कारण त्यातून वीतभर लांब चर फाटत गेला होता. मधलं लाकूड कुजून काळं पडलेलं. सगळ्यात ठासून, कोंबून, घोटून सीलंट भरलेलं, तेही जुनं, पिवळं पडलेलं. मग मला कळलं एवढं सीलंट का होतं, आणि सत्तावीस वर्षं ते पातेलं कशावर झाकण म्हणून बसलं होतं.

"अरे देवा!" व्लाहो म्हणाला, आणि पुढे आणखी काही म्हणणार तर बार्बाने त्याच्या पायावर पाय दिला.

नेदिल्काने बुडावरचा क्रमांक उतरवून घेतला. मग ती फाईलवर वाकली. "आता शेवटचा रकाना. काढताना डेकला इजा झाली का? होय की नाही? आणि होय असल्यास, कोणाकडून?" तिने मान वर केली. "कारण भोकं तर दिसतायत, सर. ती आधीची असतील तर ज्यांनी यंत्र बसवलं त्यांचं नाव लिहावं लागेल."

धक्क्यावर एव्हाना वीस-पंचवीस माणसं जमली होती. उत्सवासाठी परगावाहून आलेली माणसं, श्पिरोच्या हाताखाली जहाजांवर काम केलेले दोन-तीन म्हातारे. श्पिरोने टोपी काढली होती. ती तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होता. शाळेत एखादा मोठा, आडदांड मुलगा फळ्यापाशी येऊन अडकतो आणि सगळा वर्ग बघत असतो, तेव्हा तो असाच उभा राहतो. अशा वेळी मी त्याला "बस जागेवर" म्हणतो. आजवर कोणाला त्याहून जास्त वेळ उभं केलेलं नाही.

"माझ्याकडून झालं," मी म्हणालो.

"काय?" नेदिल्का म्हणाली.

"इजा. मघाशी. ड्रिल घसरलं."

बोटीवर ड्रिल नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. नेदिल्काने त्या काळ्या लाकडाकडे बघितलं, पिवळ्या सीलंटकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"सर, पक्कं?"

"लिही."

तिने लिहिलं. होय. बोटीच्या सहमालकीणबाईंचे यजमान. तीन भोकं. शिक्का मारून ती म्हणाली, "दुरुस्ती होईपर्यंत तपासणी थांबवावी लागेल. झाली की मला बोलवा, मी त्याच दिवशी येते." जाता जाता हळूच म्हणाली, "माझे गुण तुम्ही उगाच कापत नव्हता, आता कळलं. पायऱ्या मीही बघते हो."

कबूल केल्याप्रमाणे मी डेकवर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "श्पिरोचं खरं होतं." टाळ्या पडल्या. कोणीतरी "पोंऽऽ" केलं.

श्पिरो उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. गेला नाही. सकाळी सातला तो जुनी पँट घालून बोटीवर हजर झाला. आम्ही दोघांनी कुजलेलं लाकूड खरवडून काढलं, व्लाहोच्या ड्रायरने, एकाच, दोन दिवस आतली जागा सुकवली, फायबरचे थर बसवले, घासले, पुन्हा बसवले. सहा दिवसांत तो कामाव्यतिरिक्त काही बोलला नाही. आभार तर नाहीच. पाचव्या दिवशी मी पॉलिश कागदाने घासत असताना तो शेजारी उकिडवा बसला, मी घासलेल्या जागेवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "येर्को, इथे थोडं अजून."

मी थोडं अजून घासलं. फार वेळ घासलं. मान वर करायला जमत नव्हतं.

नेदिल्का आली, हात फिरवून गेली, तपासणी झाली. लास्तोवोला निघायला आम्हाला आठ दिवस उशीर झाला. लग्नाचा वाढदिवस धक्क्यावरच, भाजलेल्या सार्डिन माशांवर साजरा झाला. निघण्याच्या आदल्या दुपारी तोंका पालेभाजी निवडत होती आणि मी बटाटे सोलत होतो.

"तू ड्रिल घसरलं म्हणालास," ती म्हणाली.

"हं."

"ड्रिल घसरलं तेव्हा टॉर्च मी धरली होती."

मी हातातला बटाटा खाली ठेवला. "तू? सत्तावीस वर्षं तुला माहीत होतं?"

"आईची शपथ घ्यायला लावली होती त्यानं. रडायच्या बेतात होता. बाबांना कळू देऊ नकोस म्हणाला. दोन नळ्या सीलंट मीच आणून दिलं दुकानातून."

"आणि मग मला काढायला लावलंस?"

"उशी कोरडी होती तोवर शपथ पाळली," ती म्हणाली आणि देठं बाजूला टाकली. थोड्या वेळाने म्हणाली, "तू काय करशील ते मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

मी आणखी चार बटाटे सोलले. आम्ही दोघांनी त्यातले निम्मेच खाल्ले.

लास्तोवोला एक रात्र पाऊस झाला. उशी कोरडी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात श्पिरो पुन्हा आला. एका सकाळी मी धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात शिरलो तर तो पाठमोरा बसून परगावच्या कोणा खलाशाला रंगात येऊन सांगत होता. म्हाताऱ्यांचं टेबल भरलेलं, बार्बा याकोव कोपऱ्यात.

"माणूस चांगला आहे हो माझा मेहुणा. हुशार. पण ड्रिल हे त्याचं काम नाही. मी फोनवर बजावलं होतं, हात लावू नकोस. ऐकतोय कुठला! भोकांवर भोकं पाडून ठेवली डेकला. सहा दिवस खपलो मी ते सरळ करायला."

"किती भोकं?" खलाशाने विचारलं.

"चार!" श्पिरो म्हणाला. मग त्याला समोरच्या भिंतीवरच्या आरशात मी दिसलो. त्याचा कप हवेतच राहिला. कोपऱ्यात बार्बाने वर्तमानपत्र खाली केलं. टेबलावरचे सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. खलाशानेही बघितलं आणि हसत विचारलं, "तुम्हीच का ते? खरंच चार पाडलीत?"

मी खुर्ची ओढून श्पिरोच्या शेजारी बसलो.

"पाच," मी म्हणालो.